बंदूक अडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा टेक्सासला नोकरीला आहे. हवेत फेकलेल्या तबकड्यांवर नेमबाजी करायला त्यानं तिथं गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक बाराबोर (छर्ऱ्यांची बंदूक) घेतली. नवीकोरी आहे, पण दर तीन-चार काडतुसांमागं अडते. पुंगळी पुरती बाहेर पडत नाही, बोल्टमध्ये चेपून बसते. रेंजवरच्या कुणीतरी त्याला बॅरलमधलं गॅसचं छिद्र ड्रिलनं जरा मोठं करायला सांगितलंय. पोरगा मेकॅनिकल इंजिनीअर आहे, हातही साफ आहे. करू द्यावं का? आमच्या घरी वडिलांची डबलबार आहे म्हणून तो मलाच विचारतोय.
*– एक वाचक, जिंतूर, जि. परभणी*

उत्तर : ड्रिलला हात लावू नको म्हणावं. आजच फोन करा.

ही बंदूक चालते कशी ते आधी बघू. बार झाला की छर्रे नळीतून पुढं जाताना मागच्या गॅसचा थोडा भाग नळीच्या खालच्या बारीक छिद्रांतून निसटतो. तो मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळकांड्यावर बसवलेल्या पिस्टनला ढकलतो. पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, मागं रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, मग स्प्रिंग बोल्टला पुढं आणते आणि येताना तो नवं काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये बसवतो. तुमच्या भाच्याच्या बंदुकीत बोल्ट पूर्ण मागं जात नाहीये. पुंगळी चेपते ती त्यामुळंच. छिद्र मोठं केलं तर गॅस जास्त मिळेल, हा हिशोब चुकीचा नाही. पण मग जड काडतूस घातल्यावर तोच बोल्ट रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या खोक्याच्या) मागच्या भिंतीवर हातोड्यासारखा आदळत राहील. आणि मोठं झालेलं छिद्र परत लहान होत नाही, नवी बॅरलच घ्यावी लागते.

मी पहिला प्रश्न विचारीन तो काडतुसाचा. किती ग्रॅमचं? ऑलिंपिकमधल्या ट्रॅप आणि स्कीट या तबकड्यांच्या नेमबाजीला २४ ग्रॅम छर्ऱ्यांची मर्यादा आहे. तिकडच्या क्लबात २८ आणि ३२ ग्रॅमची सर्रास चालतात. हलक्या काडतुसांची स्वस्त पेटी आणली आणि बंदूक जड काडतुसांसाठी बनलेली असली, तर ती अडणारच. जुन्या रेमिंग्टन ११०० मध्ये हा घोळ ठरलेला. तिच्या मॅग्नम (जड काडतुसांच्या) बॅरलला गॅसची वाट मुद्दाम कमी ठेवलेली असते, अन् लोक तीत तबकड्यांची हलकी काडतुसं घालून बंदुकीला नावं ठेवतात. नव्या बंदुकीचे भाग अजून एकमेकांवर घासून बसलेले नसतात, म्हणून पुष्कळ कंपन्या स्वतःच सुरुवातीला जड काडतुसं चालवायला सांगतात. पुस्तिका वाचली का, तेही विचारा. इंजिनीअर मंडळी पुस्तिका वाचत नाहीत, हा माझा फौजेपासूनचा अनुभव आहे.

रेंजवर करायची एक तपासणी सांगतो. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचं, तिथून चेंबरमध्ये घ्यायचं आणि उडवायचं. मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागं अडकून राहिला पाहिजे. नाही राहिला, तर तो मागं पोचायला जोर कमी पडतोय. मग त्याच दिवशी, त्याच बंदुकीतून ३२ ग्रॅमचं काडतूस तसंच उडवून बघायचं. जडावर बोल्ट अडकला आणि हलक्यावर नाही, तर बंदुकीचा दोष नाही, पेटी बदला. दोन्हीवर नाही अडकला, तरच खोलायची. घरात खरी, जिवंत काडतुसं घालून बोल्ट मागंपुढं करून बघायचं नाही, ते बजावून सांगा. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात.

खोलण्याआधी मॅगझिन रिकामं करायचं आणि चेंबरमध्ये बोट घालून चाचपायचं. नुसतं डोळ्यानं बघून भागत नाही. मग पुढचं लाकूड काढलं की पिस्टन दिसेल. त्याच्या कड्या कोणत्या क्रमानं आणि कोणत्या तोंडानं बसल्यात, त्याचा आधी फोटो काढून ठेवायचा. काही बंदुकांत तिथं एक रबरी रिंग असते. ती फाटली की गॅस गळतो आणि बोल्टचा जोर जातो. चार पैशांचा भाग, पण सगळे शेवटी बघतात. गॅसच्या छिद्रात काजळी बसली असेल तर सॉल्व्हंट आणि तांब्याची मऊ तार, पोलादी टोचा नाही. पिस्टनखालचं नळकांडं चकचकीत कोरडं पुसून त्यावर तेलाचं नुसतं बोट फिरवायचं. जास्त तेलात काजळी मिसळून लापशी होते.

एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. बऱ्याच सेमी-ऑटोमध्ये बोल्ट पुढं आणणारी स्प्रिंग लाकडी कुंद्याच्या आत एका नळीत असते. बंदूक कपाटात बॅरलचं तोंड वर करून उभी ठेवली की वरचं सगळं तेल वर्षभर झिरपत त्या नळीत उतरतं, घट्ट होतं, त्यात गंज मिसळतो. वरून बंदूक आरशासारखी, आत स्प्रिंग चिकटलेली. म्हणून ठेवताना बॅरलचं तोंड खाली करून ठेवा. हे तुमच्या डबलबारलाही लागू.

इतकं करूनही अडली, आणि बंदूक स्वस्तातली असली, तर आतल्या सरकपट्ट्यांवर कारखान्यातून राहिलेली बारीक धार बोटाला लागते. तेवढ्यापुरता बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून फिरवायला माझी हरकत नाही. कानस नको. चेंबरमध्ये ड्रिल नको. आणि चाप-घोड्याच्या भागांवर तर काहीच नको, तिथं केसभर घासलं तरी बंदूक आपोआप उडू शकते. त्याआधी वॉरंटीत कंपनीकडं परत पाठवावी, नवीन वस्तू आहे.

तिकडं अमेरिकेत स्वतःच्या बंदुकीचे भाग मालकाला बहुतेक ठिकाणी बदलता येतात. आपल्याकडं तसं नाही, हे तुमच्यासाठी सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणं दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणून दुरुस्ती करता येत नाही. साफसफाई करा, तेल द्या. त्यापुढं परवानाधारक कारागीर.

प्रश्न : आजोबांनी निजामाच्या राजवटीत हैदराबादहून आणलेली बेल्जियमची ब्राऊनिंग ऑटो-५ ही सेमी-ऑटोमॅटिक बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली आहे. बार होतो, पण पुंगळी बाहेर पडत नाही. झिजली असेल का?
*– एक वाचक, औसा, जि. लातूर*

उत्तर : झिजली असेलच असं नाही, आतली एक कडी चुकीच्या जागी असेल, ती कोणती ते पुढं सांगतो. जॉन ब्राऊनिंगनं १९०० साली पेटंट घेतलेली ही बंदूक बेल्जियमच्या एफएन कारखान्यात १९०२ पासून बनू लागली. हिच्यात गॅस नाही. बार झाला की अख्खी नळीच बोल्टसकट मागं येते, म्हणून हिचा धक्का दोनदा लागल्यासारखा वाटतो.

नळी किती जोरात मागं यावी, हे ठरवतं मॅगझिनच्या नळकांड्यावरचं घर्षण. पुढचं लाकूड काढल्यावर तिथं मोठी स्प्रिंग, एक पोलादी कडी आणि फट असलेला पितळी रंगाचा ब्रेक दिसेल. जड काडतुसांसाठी कडी स्प्रिंगच्या पुढं, ब्रेकला टेकून, उतरती कड ब्रेककडं करून बसते. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागं, रिसीव्हरच्या बाजूला ठेवायची. तुमची जडावर लावलेली असेल आणि काडतुसं हलकी असतील. उलट चूक जास्त महाग पडते. हलक्यावर लावून जड काडतुसं उडवली की पुढचं पातळ लाकूड तडकतं. अशी तडकलेली लाकडं माझ्याकडं बरीच येतात, अन् तो जुना अक्रोड परत मिळत नाही. नळकांडं ठणठणीत कोरडं असलं तरी अडतं, तेलानं निथळत असलं तर ब्रेक धरत नाही.

खोलताना, अर्थात रिकामी करून, बॅरल थोडी मागं दाबून धरूनच टोपी फिरवा, स्प्रिंगला ताण असतो. आपलं तोंड नळीच्या रेषेत नको.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चेंबर मोजून घ्या. युरोपातल्या जुन्या बंदुकांत ६५ मिलिमीटरचं चेंबर पुष्कळदा असायचं. आजची बहुतेक काडतुसं ७० ची. पेटीवरची लांबी ही उडाल्यानंतरची, घडी उलगडलेली असते. म्हणून ७० चं काडतूस ६५ मध्ये आरामात बसतं, उडाल्यावर मात्र त्याची घडी उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. मोजेपर्यंत एकही बार काढू नका.

प्रश्न : बंदुकीला घरचं कोणतं तेल चालेल?
*– एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली*

उत्तर : खाण्याचं कोणतंच नाही. आपल्याकडं घरोघरी करडई आणि जवस, म्हणून हात तिकडंच जातो. पण ही दोन्ही तेलं हवेनं सुकून घट्ट होतात. मागं एक बंदूक आली होती, तिच्या बोल्टवर करडईच्या तेलाचा पिवळा चिकट थर नखानं खरवडावा लागला. जवसाचं उकळलेलं तेल लाकडी कुंद्याला द्या, तिथं ते शोभतं. खोबरेल डिसेंबरच्या थंडीत बाटलीत थिजतं, तसंच बंदुकीतही थिजतं. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशिनचं पातळ तेल चालेल. चिंदीवर दोन थेंब घेऊन पुसा आणि कोरड्या चिंदीनं जादाचं टिपून घ्या. पावसाळ्यात बंदूक कापडी म्यानात ठेवू नका, कापड ओल धरतं.