लेकीला कुत्र्यांचा अभ्यास करायचाय, पाठवू का?

पत्र : आम्ही उदगीर तालुक्यातले शेतकरी. मुलगी लातूरला बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. शेतातल्या आखाड्यावर एकाच कुत्रीची दोन पिल्लं वाढली. रस्त्यानं वरात निघाली की एक खाटेखाली शिरून गप्प पडतं, दुसरं थेट वरातीवर धावतं. पोरगी सुट्टीत आली की या दोघांच्या नोंदी वहीत लिहीत बसते. आता म्हणते, "मला एमबीबीएस नको, असं का होतं ते शिकायचंय." यात शिक्षण आहे का? पोटापाण्याचं काय? लोक हसतात. – एक वडील

उत्तर : दादा, लोकांचं राहू द्या, आधी प्रश्नाकडे बघू. आई एक, भाकर एक, आखाडा एक, तरी एक लपतं आणि दुसरं अंगावर जातं. हा प्रश्न पोरीनं कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही, डोळ्यांनी बघून काढलाय. मला त्याचं फार मोल वाटतं.

त्याचं अर्धं उत्तर तुमच्या गोठ्यातच आहे. नेहमीचं माणूस नसलं, परकं कुणी धारेला बसलं की म्हैस पान्हा चोरते. ती बिचकलेली असते. अंगात अ‍ॅड्रेनालिन हे घाबरल्यावर सुटणारं हार्मोन उसळतं आणि दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. आपल्याला दिसतो तो म्हशीचा स्वभाव, आत चाललेली असते शरीराची क्रिया. कुत्र्याचंही तेच. वरातीचा दणका बसला की काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन सुटतं, काळीज धडधडतं, धाप लागते. पाठोपाठ मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला निरोप जातो, मग कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. लाळेत ते पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यात जास्त सापडतं. केसांत साचत जातं, म्हणून केस तपासून मागच्या काही महिन्यांचा अंदाज येतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली 58 कुत्री आणि त्यांच्या मालकांचे केस असेच तपासले. मालकाचं कॉर्टिसॉल जास्त तिथं कुत्र्याचंही जास्त, असा मेळ दिसला. शिवाय कुत्र्याच्या स्वतःच्या स्वभावापेक्षा मालकाच्या स्वभावाशी त्याच्या कॉर्टिसॉलचा संबंध अधिक होता.

पण पोरीला एक गोष्ट आत्ताच सांगा. कॉर्टिसॉल म्हणजे भीती मोजायचं मीटर नव्हे. पळापळ केली, आनंदानं खेळलं, तरी ते वाढतं. त्यामुळे आकडा आणि वागणं शेजारी शेजारी ठेवूनच वाचावं लागतं. खाटेखाली गप्प पडलेलं पिल्लू शांतच आहे असंही समजू नये. ते जिभेनं ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, समोरच्या भाकरीला तोंड लावत नसेल, तर ते आतून तेवढंच घाबरलेलं असू शकतं. धावून जाणारंही भीतीपोटीच धावत असेल. ताणाला तोंड द्यायची दोघांची रीत वेगळी. त्यातला काही भाग आईबापाकडून, रक्तातून येतो. रशियातल्या नोव्होसिबिर्स्कला दिमित्री बेल्याएव या शास्त्रज्ञानं 1959 पासून फक्त माणसाळलेपणा बघून कोल्हे निवडले, तर पिढ्यांगणिक त्यांचं कॉर्टिसॉलही उतरत गेलं. काही भाग पहिल्या तीन महिन्यांत पिल्लानं काय पाहिलं, कुणाचा हात अंगावरून फिरला, यावर ठरतो. तुमची पिल्लं त्या वयात कुठं कुठं होती, हे तिनं तुम्हाला विचारून वहीत लिहावं.

आता शिक्षण. माझं मत स्पष्ट आहे: तिनं पशुवैद्यकीयची पदवी घ्यावी. कुत्र्यांना शिकवण्याचे थोड्या महिन्यांचे कोर्स निघालेत, ते नंतर करता येतील. आधी शरीर कळू द्या. ही पदवी, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षांची आहे, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. परभणीला कॉलेज आहे आणि तुमच्या उदगीरलाही आहे. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची, ज्याला सगळे माफसू म्हणतात. प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो, म्हणजे चालू असलेली तयारी वाया जात नाही. मात्र माफसूचा अर्ज वेगळा भरावा लागतो. दरवर्षी कितीतरी पालक इथंच चुकतात, तेव्हा निकाल लागला की विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. शरीरक्रियाशास्त्र पहिल्याच वर्षी शिकवतात. पुढं त्यातच एम.व्ही.एस्सी., म्हणजे पदव्युत्तर शिक्षण केलं की तिचा प्रश्न प्रयोगशाळेत नेता येईल.

नीटमध्ये गुण कमी पडले तर प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करावी, किंवा आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा द्यावी. पुण्याला आयसर आहेच, आणि कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट मोकाट कुत्र्यांच्याच वागण्यावर काम करतो. हसणाऱ्यांना हे जरूर सांगा.

पोटापाण्याचं खरं सांगते. निव्वळ कुत्र्यांच्या वर्तनावर पगार देणाऱ्या जागा आपल्याकडे अजून थोड्याच आहेत. पदवी हातात असली तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, संभाजीनगर-पुण्यात पाळीव प्राण्यांचा दवाखाना टाकता येतो, प्राध्यापकी करता येते. सरकारी नोकरीत तिला गायी, म्हशी, शेळ्याच जास्त बघाव्या लागतील. पण टेम्पोत कोंबून बाजाराला नेलेल्या जनावराचा ताणही त्याच ग्रंथींतून उमटतो, तिचं शिक्षण तिथंही कामाला येईल.

तोवर वही चालू राहू द्या, परीक्षेच्या वेळापत्रकाला धक्का न लावता. नुसतं "घाबरला" लिहू नये. आवाज किती लांबून आला, कान-शेपटी कशी होती, वरात गेल्यावर किती मिनिटांनी भाकरीला तोंड लावलं, हे लिहावं. झोपलेल्या पिल्लाचे मिनिटाचे श्वास मोजावेत. निवांत कुत्र्याचे साधारण दहा ते तीस असतात. बघायचं म्हणून मुद्दाम फटाका मात्र लावू नये. पुढं कॉलेजातही प्राण्यांवरच्या प्रयोगाला नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, ती सवय आत्तापासूनच हवी. आणि दोन्ही पिल्लांना रेबीजची लस टोचून घ्या. कुत्र्यांत वावरणाऱ्या माणसालाही चावण्याआधीच घ्यायची लस असते, तिच्यासाठी डॉक्टरांना विचारा. चावलंच, ओरखडा जरी उठला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.