घड्याळ स्वतः जोडायचंय. सुरुवातीला तीस अवजारांचा तयार संच घेऊ का?

नका घेऊ. मी घेतला होता. त्यातला झाकण उघडायचा पान्हा तेवढा आजही वापरतो. चिमट्याची टोकं एकमेकांना नीट भेटतच नव्हती. काटा उचलला की टुणकन उडायचा, मग मी टेबलाखाली टॉर्च घेऊन.

तुम्ही लिहिलंय की एनएच३५ मशीन (सेको कंपनीची, घड्याळाच्या आत बसणारी तयार यंत्रणा) घेऊन स्वतःच्या आवडीची डायल आणि काटे बसवायचेत. गंमत अशी, की या कामात स्क्रू ड्रायव्हर जवळपास लागतच नाही. डायलचे पाय मशीनभोवतीच्या प्लॅस्टिकच्या कड्यात दाबून बसतात. आणि संचात सगळ्यात जास्त भरणा असतो तो स्क्रू ड्रायव्हरचाच! मशीन खोलायला लागाल तेव्हा ०.८० ते १.६० मिमीचे चार-पाच चांगले घ्या, आत्ता राहू द्या.

खरी परीक्षा काट्यांची. एनएच३५ मध्ये तासकाट्याचं भोक १.५० मिमी, मिनिटकाट्याचं ०.९०, आणि सेकंदकाट्याची बारीकशी नळी बसते ०.२० मिमीच्या टोकावर. काटे विकत घेतानाही हेच आकडे बघा. आधी चावी फिरवून तारीख बदलते तो क्षण पकडायचा, तिथेच तास आणि मिनिट दोन्ही बारावर बसवायचे. मग सेकंदकाटा. तो टोकावर नुसता टेकवायचा, भिंगातून बाजूने बघायचा, उभा वाटला तरच दाबायचा. तिरका असताना दाबलात तर नळी चेपते आणि काटा गेला. म्हणून पैसे इथे घाला: काटे बसवायचं चांगलं अवजार, बारीक टोकाचा चुंबक न धरणारा चिमटा, आणि तीन ते पाच पट मोठं दाखवणारं भिंग. काटे काढायला दोन छोट्या तरफा लागतात. त्या साध्या चालतात, फक्त खाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा घाला, नाहीतर डायलवर ओरखडा ठरलेला.

दुसरा शत्रू धूळ. हवा मारायचा रबरी फुगा, बोटांच्या रबरी टोप्या आणि रोडिको नावाची चिकणमातीसारखी पुट्टी घ्या. डायलवरचा कण पुट्टीच्या टोकाने अलगद उचलायचा, फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. (उडते. विचारू नका.)

मशीन धरायला प्लॅस्टिकचा होल्डर पुरतो. चावीची दांडी कापायला सपाट तोंडाची कटर आणि बारीक कानस हवी. आधी थोडी लांबच कापा आणि घासत घासत मापात आणा, कारण आखूड झाली की नवीन दांडी आणावी लागते. झाकण पेचाचं असेल तर पान्हा, दाबाचं असेल तर बोथट सुरी, एवढं आपल्या केसकडे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीकडे, बघून ठरवा. काच बदलणार नसाल तर ती दाबून बसवायचा प्रेस नको. टाइमग्राफरचाही, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचाही, मोह आवरा. चाल बिघडलेली दिसली तरी आत्ता तुम्ही तिचं काही करणार नाही.

सेकंदकाटे मात्र दोन मागवा.