वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं : फाशी मागणाऱ्या गुरुजींना

प्रश्न : ताई, आमच्या शेजारच्या गावात एका लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकलं. आम्ही तहसीलवर मोर्चा नेला, आरोपीला फाशी द्या म्हणून निवेदन दिलं. मीही दोन मुलींचा बाप आहे. गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत की फाशीची शिक्षा रद्द व्हावी. त्या लेकराच्या आईसमोर हे म्हणाल का?
– एक शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : गुरुजी, त्या माउलीपुढे मी मत मांडायला जाणारच नाही. गेले तर तिच्याजवळ बसेन, तिचं ऐकेन. पण विचारलंत तुम्ही, म्हणून तुम्हाला सांगते. माझं मत तेच आहे.

मी जालन्यात वकिली करते. आपल्या राज्यातलीच एक गोष्ट सांगते. जून २००३ मध्ये शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. ऐकणाऱ्याचं रक्त उसळेल असाच गुन्हा होता तो. पोलिसांनी सहा जणांना धरलं, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची जन्मठेप केली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. पुढे कळलं की सहातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या रात्री वाचलेल्या बाईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्यांच्याविरुद्ध तपास झालाच नव्हता. न्यायालयानं सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. २००९ नंतर लगेच फाशी झाली असती, तर ते पैसे कुणाला दिले असते? आणि ज्यांची माणसं मेली, त्या घरानं खुनी कुणाला म्हणायचं?

मोर्चात शिरणाऱ्या प्रत्येकानं हा निकाल एकदा वाचावा, असं मला मनापासून वाटतं. गुन्हा जेवढा भयंकर, तेवढी कुणाला तरी लवकर धरायची घाई. आणि हाताला लागतो तो पालावरचा, ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यायची, तीही आरोपीची सगळी परिस्थिती बघून. पण ती परिस्थिती कोर्टापुढे मांडणार कोण? आई ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असते. सरकारी खर्चानं मिळालेल्या वकिलाची आणि आरोपीची भेट कित्येकदा तारखेलाच होते, तीही पिंजऱ्याजवळ उभ्या उभ्या.

फाशीनं जरब बसेल म्हणता. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणात चौघांना मार्च २०२० मध्ये फाशी झाली. सगळ्या देशानं तिची बातमी टीव्हीवर पाहिली. तुमच्या शेजारच्या गावातल्या नराधमाला तिची भीती वाटली का? बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं की, फाशी पूर्णपणे रद्द करणं हेच या देशाला योग्य. २०१५ मध्ये केंद्र सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगानंही दहशतवादाचे गुन्हे सोडून बाकी सगळीकडे ती रद्द करा, अशी शिफारस केली.

मोर्चा मात्र पुन्हा काढा, मीही येईन. बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण झाला पाहिजे, असं कायदाच सांगतो. निवेदनात तेच मागा. नमुने प्रयोगशाळेत कधी गेले, अहवाल कधी आला, हे दर आठवड्याला ठाण्यात जाऊन विचारा. त्या कुटुंबाचा भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलाय का, तेही बघा. तारखेला आईबरोबर गावातलं कुणीतरी असू द्या. साक्षीच्या दिवशी ती एकटी आली, तर पलीकडच्या वकिलाच्या प्रश्नांनी पार कोलमडून जाते. असं मी पाहिलंय.

प्रश्न : पण जन्मठेप झाली की तो चौदा वर्षांत सुटणार. मग?
– तेच शिक्षक

उत्तर : नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली तर चौदा वर्षांच्या आत सरकार शिक्षा माफ करून सोडू शकत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. त्यानंतरही सुटका हा कैद्याचा हक्क नाही. शिवाय २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मान्य केलंय की, उच्च आणि सर्वोच्च न्यायालय अशा खटल्यात पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट नाही, असं निकालातच लिहू शकतं.