आई-बाबांना घेऊन माटुंगा पूर्वला, फाइव्ह गार्डनच्या आसपास भाड्याने राहायला जायचंय, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गाडी नाही. परिसर कसा आहे, रोजच्या गोष्टी जवळ मिळतात का?

मी लग्न होऊन इथे आले त्याला एकवीस वर्षं झाली, सासू-सासऱ्यांचं म्हातारपण याच गल्ल्यांमधे बघितलं, म्हणून परिसराच्या आधी लिफ्टचं सांगते. इथल्या बऱ्याच बिल्डिंगा जुन्या, तीन-चार मजल्यांच्या, आणि कितीतरी ठिकाणी लिफ्टच नाहीये. आम्हाला घरमालक म्हणाले होते दिवाळीपर्यंत बसेल, नऊ वर्षं तेच ऐकलं, आणि सासूबाई शेवटची दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्याच नाहीत, गॅलरीत बसून समोरच्या झाडावरचे पोपट बघायच्या. तेव्हा कृपा करून तळमजला घ्या नाहीतर चालू लिफ्ट स्वतः वरखाली करून बघा.

बाकी परिसर म्हणाल तर बाबांना चालायला मुंबईत याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रजांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, गर्दीतल्या लोकांना हवा-उजेड मिळावा म्हणून दादर-माटुंग्याचा हा भाग आखून वसवला, म्हणून रस्ते रुंद आहेत आणि दोन बिल्डिंगांमधे श्वास घ्यायला जागा आहे. पारसी कॉलनी मंचरजी जोशींनी उभी केली, फाइव्ह गार्डनला त्यांचंच नाव आहे. कॉलनीतली घरं पारशांसाठीच आहेत, त्यामुळे ब्रोकरकडे हिंदू कॉलनी आणि माटुंगा असंच सांगा.

सकाळी सहाला फाइव्ह गार्डनला जाऊन बघा, चालणारे, योगावाले, व्हीजेटीआय इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं, सगळे असतात, आणि सासऱ्यांचा तर तिथला एक बाक ठरलेला होता, ते एक दिवस दिसले नाहीत तर लोक घरी विचारायला यायचे. पावसाळ्यात काय करायचं तर आंबेडकर रोडच्या पुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे, सहाशे मीटरच्या आसपास लांब, वाट नर्मदेच्या पात्रासारखी वळणावळणाची केलीय, डोक्यावर पूल असल्यामुळे छत्रीशिवाय चालता येतं. गाड्यांचा आवाज येतो, पण गुडघ्याची सवय मोडत नाही, ते मोठं.

आता मार्केट. माटुंगा स्टेशनजवळचं मार्केट हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण आहे. केळफूल, कच्ची केळी, केळीची पानं, शेवगा, ताजा कढीपत्ता, सगळं एका फेरीत, आणि फुलांच्या दुकानांवरून नुसतं गेलं तरी मोगरा घरापर्यंत सोबत येतो. कॉफी पावडर समोर दळून देतात, आधी विचारतात चिकोरी (कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड) किती टक्के, पहिल्यांदा मी गोंधळले होते, आता ऐंशी कॉफी, वीस चिकोरी म्हणते आणि मोकळी होते. तमिळ, मल्याळी, कोकणी, गुजराती, कच्छी सगळे शेजारी असल्यामुळे वाण्याकडे पापडाचेही इतके प्रकार असतात की आईंचा वेळ मजेत जाईल. औषधाची दुकानं, शिंपी, चांभार सगळं चालत.

खायला रामाश्रय, कॅफे मद्रास (सोमवारी बंद, पाहुण्यांना घेऊन जाऊन परत फिरलोय), मणीज. पण आई-बाबांना एकदा ए. रामा नायकांकडे नक्की न्या, १९४२ पासूनचं आहे, केळीच्या पानावर जेवण, आग्रहाने वाढतात. फक्त पहिल्या मजल्यावर आहे, बाबांना जिना हळूहळू चढवा.

नाटकाची आवड असेल तर यशवंत नाट्य मंदिर पश्चिमेला आहे, झेड पुलावरून जाता येतं पण तो लांब आहे आणि चढ-उतार आहे, त्यांच्यासाठी टॅक्सीच करा. गाण्याला षण्मुखानंद हॉल. गणपतीत किंग्ज सर्कलला जीएसबी मंडळाचा गणपती बसतो, पाच दिवस रस्ते तुडुंब असतात, त्या दिवसांत डॉक्टरची अपॉइंटमेंट ठेवू नका.

तुमच्या ऑफिसचं म्हणाल तर माटुंग्याला फक्त स्लो लोकल थांबते (२०१७ पासून सगळा स्टाफ बायकांचा आहे, मला दर वेळी बरं वाटतं), फास्टसाठी दादरला जावं लागतं. हार्बरला किंग्ज सर्कल किंवा वडाळा. म्हणून गल्ली निवडताना तुमचं स्टेशन कुठलं ते आधी ठरवा, हिंदू कॉलनी दादरला जवळ पडते, तेलंग रोडची बाजू माटुंग्याला.

आणि पाणी. गांधी मार्केट, हिंदमाता ही नावं पावसाच्या बातमीत तुम्ही ऐकलीच असतील, दोन्ही आपल्या अगदी जवळ. आतल्या प्रत्येक गल्लीची गोष्ट वेगळी आहे, एका टोकाला घोट्यापर्यंत पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरडं असं मी स्वतः बघितलंय. मोठ्या झाडांच्या फांद्याही पडतात, वाऱ्यात बाबांना खाली थांबू देऊ नका. तळमजला घेणार असाल तर घाई नको, जुलैत चांगला दोन दिवस पाऊस लागला की तेव्हा घर बघायला या, आणि वॉचमनला विचारा पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं, तो बरोबर बोट ठेवून दाखवेल.