कॅन्सर वॉर्डातल्या नर्स-डॉक्टरांना माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देणं) आणि करुणेचं प्रशिक्षण दिल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण प्रशिक्षण नेमकं कशाचं आहे ते आधी बघा. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदू-संशोधकांच्या प्रयोगात, दुसऱ्याचं दुःख नुसतं स्वतःत अनुभवायचा सराव केलेल्यांना त्रास वाढला. त्याच लोकांना पुढे करुणेचा, म्हणजे ‘याचं बरं व्हावं’ या भावनेचा सराव दिला, तेव्हा तो ओसरला आणि मनाला उभारी आली. केमोच्या डे-केअरमध्ये महिनोन्‌महिने तेच चेहरे बघणाऱ्या आणि एक दिवस त्यातला एखादा न दिसणाऱ्या नर्ससाठी हा फरक फार मोठा आहे.

माइंडफुलनेसचा प्रचलित कोर्स जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सुरू केला. ८ आठवडे, दर आठवड्याला साधारण अडीच तास, शिवाय घरी रोजचा सराव. तीन पाळ्यांत राबणाऱ्यांना हे जमवणं कठीणच. त्यापेक्षा ड्यूटीतच छोटी सत्रं ठेवा; पुढच्या पेशंटकडे जाण्याआधी सॅनिटायझर चोळताना घेतलेले दोन-तीन सावकाश श्वासही चालतात. सुट्टीच्या दिवशी सक्तीने बोलावलं (बोलावतात हो!) तर लोक वैतागतात. आणि वॉर्डात मुळात नर्सच कमी असतील, तर मी आधी भरतीची मागणी लावून धरेन.