जगन्नाथ शंकरशेठ म्हणजे फक्त एक दानशूर शेठ होते का?

तुम्ही विचारलंय की मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनवर ज्यांचं नाव वाचलं ते जगन्नाथ शंकरशेठ नक्की कोण, आणि 'पैसेवाला माणूस राजकारणात शिरला, दानधर्म करून नाव मिळवलं' यापलीकडे त्यात काही आहे का. मी जन्मापासून गिरगावात राहतो. बरंच आहे, आणि ते सांगायला मला मनापासून आवडेल.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रावर 'जे. एस. एस. रोड' असायचं. ही अक्षरं म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ रोड, हे मला आजीने सांगितलं, आणि लगोलग पुढे म्हणाली, "त्यांच्यामुळे सोनापूर राहिलं हो." जुन्या गिरगावकरांच्या तोंडी 'सोनापूर गाठलं' म्हणजे माणूस गेला. मरीन लाइन्सचं ते स्मशान, आपण आज चंदनवाडी म्हणतो. इंग्रज सरकारच्या मनात ते तिथून हलवून शिवडीला न्यायचं होतं. नानांनी (सगळे त्यांना नानाच म्हणत) त्याला कडाडून विरोध केला आणि स्मशान जागच्या जागी राहिलं.

याची किंमत मला वडील गेले तेव्हा कळली. जुलै महिना, धो धो पाऊस. चाळीचा जिना इतका अरुंद की तिरडी तिसऱ्या मजल्यावरून जवळजवळ उभी करून उतरवावी लागली. मी पुढे मडकं धरून. खांदेकरी बदलत बदलत आम्ही पंधरा-वीस मिनिटांत चंदनवाडीला पोचलो. वडिलांबरोबर चाळीस वर्षं पत्ते खेळलेले शेजारचे काका ऐंशीच्या पुढचे होते, तेही काठी टेकत शेवटपर्यंत चालत आले. शिवडीला न्यायचं असतं तर ते घरीच राहिले असते. आणि नानांच्या काळात तर शववाहिनीही नव्हती, सगळा कारभार खांद्यावरचा.

आता पैशाचं. नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा, मुरबाडचा. दैवज्ञ सोनार घराणं, आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेठ बाबुलशेठ मोठे व्यापारी, ते 1822 साली वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात पेढी अंगावर पडली आणि त्यांनी ती अशी सांभाळली की अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेत न ठेवता त्यांच्याकडे ठेवत. 'उद्योगपती' हा शब्द मात्र त्यांना तंतोतंत बसत नाही, कारण मुंबईत गिरण्या सुरू झाल्या त्या त्यांच्या उतारवयात. रेल्वेत मात्र ते पहिल्यापासून होते. 1845 पासून सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर त्यांनी खटपट केली आणि 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. ही गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी तिच्यावर थांबत नाही.

मला थांबायचंय ते भाषेच्या वादावर. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्था उभी करण्यात नाना पुढे होते, म्हणजे इंग्रजी शिक्षणाचं महत्त्व त्यांना कोणी सांगायला नको होतं. पुढे सरकारने शिक्षण मंडळ नेमलं, त्यातही ते सभासद झाले. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. पेरीसाहेबांचा आग्रह असा की पैसा थोडा आहे, तर तो वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना इंग्रजीतून शिकवण्यावर खर्च करावा. 1847 च्या सुमारास हा वाद पेटला. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही भारतीय सभासद विरोधात उभे राहिले, आणि जॉर्ज जर्व्हिस हा इंग्रज अधिकारीही त्यांच्या बाजूने आला. नानांनी लेखी मत दिलं. त्याचा आशय असा की इथल्या सर्वसाधारण लोकांपर्यंत उपयोगी ज्ञान पोचवायचं असेल तर इंग्रजीपेक्षा देशी भाषाच जास्त कामाच्या. इंग्रजी शिकूच नका, असं त्यात कुठेही नव्हतं. ज्याला इंग्रजी येतं आणि ज्याच्या घरच्या मुलांना ते सहज मिळणार आहे, असा माणूस न्यायाधीशासमोर बसून इतरांच्या मुलांसाठी मराठी मागतो. मला नानांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, देणग्यांपेक्षाही. देशी भाषांतल्या शाळा चालू राहिल्या. मी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे या बाबतीत माझं मन तटस्थ नाही, हे मान्य करतो.

मुलींच्या शाळेचंही तसंच. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने 1849 मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. तरुण पोरं बिनपगारी शिकवायला तयार होती, पण जागा द्यायला कोण पुढे येणार? मुलगी शिकली तर घर बुडेल म्हणणारी माणसं आपल्याच जातीत, आपल्याच गल्लीत होती. नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. पैसे देऊन नामानिराळं राहता येतं. स्वतःच्या उंबरठ्याच्या आत शाळा भरवली की लोकांची बोलणी रोज ऐकावी लागतात.

राजकारण म्हणाल तर निवडणुका नव्हत्याच. 26 ऑगस्ट 1852 ला बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, नाना अध्यक्ष, आणि भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर चिटणीस म्हणून नानांचेच चिरंजीव विनायकराव. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं (तिच्या राज्यकारभाराच्या परवान्याचं) नूतनीकरण तोंडावर होतं, म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला: कायदे करणाऱ्या मंडळात आणि कारभारात इथल्या लोकांना स्थान द्या. पुढे 1857 च्या धामधुमीत सरकारला नानांवरच संशय आला. चौकशी झाली, हाती काही लागलं नाही. सरकारदरबारी उठबस असलेला माणूस म्हणजे सरकारचा माणूस, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हे जरूर सांगा.

संस्कृतची शिष्यवृत्ती राहिलीच. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी 'जगन्नाथ शंकरशेठ' शिष्यवृत्ती. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख, त्यांनी ती 1912 साली मिळवली होती. आमच्या संस्कृतच्या बाई वर्गात हे नाव घेताना आवाज जरा हळू करायच्या, देवाचं नाव घ्यावं तसा.

आणि 1852 च्या अर्जात ज्या मंडळात आपली माणसं हवीत असं लिहिलं होतं, त्या मुंबईच्या कायदेमंडळात 1862 साली नाना स्वतः जाऊन बसले. तीन वर्षं मिळाली. 31 जुलै 1865 ला ते गेले.