घराजवळचा दयाळ

खानापूर, जि. बेळगाव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. भीमगडच्या जंगलात जाऊ देण्यास घरचे तयार नाहीत आणि जवळ चांगला कॅमेरा नाही, म्हणून पक्ष्यांचा अभ्यास आपल्याला जमणार नाही, असे तू लिहितेस. अडचणी खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

अमेरिकेतील कोलंबस शहरात राहणाऱ्या मार्गारेट मॉर्स नाइस यांच्यापाशी ना पगारी नोकरी होती, ना प्रयोगशाळा. मुलींचे संगोपन करीत त्यांनी १९२८ पासून घराजवळच्या नदीकाठी ‘साँग स्पॅरो’ या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या पायांत ओळखीसाठी रंगीत कड्या घातल्या आणि कोणता नर कुठवर आपली हद्द राखतो, कोणती मादी पुढच्या वर्षी परतते, किती पिल्ले जगतात, हे वर्षानुवर्षे टिपले. त्या नोंदींवरचे दोन खंड १९३७ व १९४३ साली निघाले आणि अभ्यासकांनी त्यांची थोरवी मान्य केली. (एवढ्या साध्या रंगाच्या पक्ष्यासाठी इतकी वर्षे! माझ्या आईने मला वेड्यात काढले असते.)

आपल्याकडे जमाल आरा या बाईंनी विद्यापीठाची पदवी नसताना झारखंडाकडील छोटा नागपूर पठारावरच्या पक्ष्यांवर १९४९ पासून लिहिले. नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे पुस्तक १९७० मध्ये काढले.

तुझ्या परसात दयाळ पक्षी आहे. पायात कडी घालण्यास सरकारी परवानगी लागते, तेव्हा तो नाद नको. पण नर काळा-पांढरा आणि मादी करडी असल्याने जोडी सहज ओळखता येते. मार्चपासून नर पहाटे कोणत्या फांदीवर गातो, दुसरा नर आल्यास कुठे भांडतो, घरटे कोणत्या ढोलीत आहे, हे तारीख, वेळ आणि हवामानासह लिही. घरट्यापासून मात्र दूर राहा. मी उमेदीच्या काळात बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयावर केवळ पक्ष्यांची नावे लिहीत गेलो; वेळ नाही, संख्या नाही, त्यामुळे त्या वह्या आज कोणत्याही तुलनेस उपयोगी पडत नाहीत. शेजारच्या आजी पक्ष्याला ज्या नावाने हाक मारतात तेही, मराठी असो वा कन्नड, त्यांच्याच उच्चारात टिपून ठेव.

पुढल्या महिन्यात वही घेऊन ये. पहिल्या पंधरा दिवसांच्या नोंदी आपण सोबत तपासू.

तुझा,
काका